लावून ठेवू की काढून ठेवू?

सकाळी पावणेसात

अंगणात पाणी मारायला घेतलं की फोन वाजतो, हा मे महिन्यातला नियमच झालाय. अकोल्यात उन्हाळ्यात जे काही करायचं ते सकाळीच; अकरानंतर माणूस काम करत नाही, नुसता तग धरतो. आजचा पहिला फोन जठारपेठेतल्या एका काकूंचा.

"भाऊ, पोराचा लॅपटॉप रातभर चार्जिंगलेच राह्यला. फुटन का तो?"

"नाही फुटत. ठेवलाय कुठं?"

"गादीवर."

"जरा हात लावून पाहा."

क्षणभर शांतता. मग, "बाप्पा! पोळून राह्यला ना!"

म्हटलं, पिन काढा, गादीवरून उचला, खाली फरशीवर ठेवा आणि अर्ध्या तासानं पोराच्या हाती द्या. रात्रभर वायर लागून राहिली म्हणून काही आभाळ कोसळत नाही. बॅटरी भरली की आतलं सर्किट करंट तोडतं, थोडी उतरली की पुन्हा चढवतं. त्यासाठी आत एक चिप बसवलेली असते आणि ती आपल्यासारखी झोपत नाही. घात करते ती गादी. लॅपटॉप पोटाखालच्या जाळीतून हवा ओढतो. गादीवर ती जाळी बंद होते आणि उष्णता आतल्या आत कोंडते. काकूंची भीती खरी होती, फक्त पत्ता चुकला होता.

माझ्या धंद्यात हे रोजचंच. लोक वस्तूची काळजी घेत नाहीत, असं मला कधी वाटलं नाही. भरपूर घेतात. नको त्या गोष्टीची घेतात.

साडेनऊ

रतनलाल प्लॉटच्या बाजूला एका गल्लीत आमचं दुकान आहे. एक शटर, पण धंदे दोन. दर्शनी भागात माझं रिपेअरिंगचं टेबल आणि आत पडद्यामागं बायकोचं डीटीपी. लग्नपत्रिका, प्रकल्प, प्रबंध, अर्ज. पाटी माझ्या नावाची, पण गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त तिचं, हे ती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते.

आल्याआल्या पहिलं काम कूलरच्या ताट्या भिजवणं. वाळ्याचा वास सुटला की दुकान उघडलं असं वाटतं. दुसरं काम लोखंडी कपाट उघडून बॅटऱ्यांवर नजर टाकणं. विकायच्या बॅटऱ्या मी अर्ध्याच्या आसपास भरलेल्या ठेवतो, आणि कपाट भिंतीच्या अशा कोपऱ्यात आहे की तिथं दिवसभर ऊन येत नाही. नवीन पोऱ्या कामाला लागला तेव्हा त्यानं कौतुकानं सगळ्या शंभर टक्के भरून ठेवल्या होत्या. गिऱ्हाइकाला भरलेली दिली की खूश होईल, हा त्याचा हिशोब. त्याला बाजूला बसवून दुसरा हिशोब सांगावा लागला. चाळीस अंशांच्या खोलीत पूर्ण भरलेली लिथियमची बॅटरी वर्षभर नुसती पडून राहिली, तर प्रचलित तक्त्यांप्रमाणे तिची क्षमता ६५ टक्क्यांच्या आसपास उरते. तीच चाळीस टक्के भरून ठेवली तर ८५ च्या जवळपास. हात न लावता, एकही मिनिट न वापरता! "आणि आपल्याकडं तर चव्वेचाळीस असते," पोऱ्या म्हणाला. पोरगा हुशार आहे.

कपाटाच्या खाली रेतीनं अर्धी भरलेली पत्र्याची बादली असते. ती कशाला, ते पुढे येईलच.

सव्वादहा

आलंच. निवृत्त गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं, आता गावाचा इतिहास लिहिताहेत. लॅपटॉप नव्या नवरीसारखा टॉवेलात गुंडाळून आणलेला.

"याचं हे बटन दबून नाही राह्यलं," गुरुजींनी टचपॅडवर बोट ठेवलं.

मी लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीवर धरला. टचपॅड एका बाजूनं वर आलेला, खालचं झाकण मध्ये पोटासारखं फुगलेलं, टेबलावर ठेवला की डुगडुगतो. गुरुजींना वाटलं होतं बटण खराब. बटणाचा काही दोष नव्हता, त्याच्या खाली बॅटरी फुगली होती.

हे काम मी पोऱ्याला देत नाही. आधी लॅपटॉप बंद, पिन काढलेली. मागचे स्क्रू काढून क्रमानं चुंबकाच्या पट्टीवर ठेवायचे, कारण दोन लांब असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डात घुसतो. मग झाकणाच्या फटीत प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून कडेकडेनं सोडवायचं. पेचकस नाही, लोखंडाचं काहीच नाही. झाकण निघालं की पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. गुरुजींची बॅटरी कढईतल्या पुरीसारखी टम्म झाली होती. जुन्या लॅपटॉपांत गोल पत्र्याचे सेल असायचे, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, म्हणून नावच १८६५०. ते फुगायचे नाहीत, निमूट मरायचे. आताच्या पातळ लॅपटॉपांत चपट्या पाकिटातले सेल असतात. आतला द्रव उष्णतेनं आणि वयानं कुजत जातो, त्याचा वायू होतो, आणि वायूला जायला जागा नाही म्हणून पाकीट फुगतं. ते टोचलं, दाबलं, वाकवलं तर आग लागू शकते. एकदा एका गिऱ्हाइकानं सुईनं हवा काढू का म्हणून फोनवर विचारलं होतं. मी इतक्या जोरात "नको" म्हणालो की पडद्यामागून बायको बाहेर आली.

बॅटरी हलकेच उचलून, टोकांना चिकटपट्टी लावून रेतीत ठेवली. गुरुजी अंत्यविधीला उभं राहावं तसे उभे.

"माह्यं काय चुकलं?"

"लॅपटॉप कुठं असतो घरी?"

"खिडकीपाशी टेबलावर. वायर लागलेलीच असते. मी तर बॅटरीवर वापरतच नाही, जपून ठेवली होती मी ते."

खिडकी पश्चिमेची. दुपारी तीननंतरचं ऊन थेट टेबलावर. गुरुजींनी बॅटरी जपण्यासाठी तिला तीन वर्षं काठोकाठ भरून, उन्हात ठेवून दिली होती. लिथियमच्या सेलला पूर्ण भरलं की त्याच्यावर ४.२ व्होल्टच्या आसपासचा ताण असतो. ताणलेल्या अवस्थेत ऊब मिळाली की आतल्या नको त्या क्रिया वेग घेतात. रसायनशास्त्राचा ढोबळ आडाखा असा की तापमान दहा अंशांनी चढलं तर क्रियेचा वेग दुपटीच्या घरात जातो. वापरानं बॅटरी झिजते हे सगळ्यांना माहीत असतं. न वापरताही ती झिजते, हे कुणाला पटत नाही.

मग नवी कोणती घ्यायची. कंपनीची चार हजार सहाशेला पडत होती, माझ्याकडची जोड बावीसशेला. "दुप्पट चालन का मंग कंपनीची?" गुरुजींनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं. दुप्पट नाही चालत. पण बावीसशेच्या नावाखाली बाजारात काय काय विकलं जातं ते मी पाहिलंय. त्याच आकाराच्या खोक्यावर दीडपट क्षमता छापलेली असली तर ती बॅटरी नाही, कादंबरी आहे. मी तीन गोष्टी बघतो. भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. बनवल्याची तारीख, कारण दोन वर्षं गोदामात पडलेली बॅटरी सीलबंद असली तरी म्हातारीच. आणि बसवल्यावर लॅपटॉप तिची क्षमता किती दाखवतो ते. गुरुजींनी बावीसशेची घेतली. मीही तीच सांगितली असती. इतिहास लिहायला तेवढी पुरते.

लिथियम-आयन बॅटरीच्या संशोधनासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. व्हिटिंगहॅम, योशिनो आणि सत्त्याण्णव वर्षांचे गुडइनफ. त्यांच्या आडनावाचा अर्थ 'पुरेसं चांगलं' असा होतो, आणि बावीसशेची बॅटरी विकताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.

जाण्याआधी गुरुजींच्या लॅपटॉपमध्ये एक सेटिंग करून दिलं. घाईत दिलं, समोर दोन जण उभे होते.

साडेअकरा

इंजिनिअरिंगचा पोरगा. "बॅटरी बदलून द्या, दीड तासाच्या वर चालत नाही."

अशा वेळी पैसे समोर दिसत असतात. बॅटरी काढा, घाला, बावीसशे घ्या, पंधरा मिनिटांचं काम. पण बॅटरी बघितल्याशिवाय बदलायची नाही, असं मी ठरवलेलं आहे. विंडोजमध्येच तिची जन्मकुंडली असते. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी' टाइप करायचं, जागा सोडून तिरकी रेघ आणि पुढे सलग 'बॅटरीरिपोर्ट', सगळं इंग्रजी अक्षरांत. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडायची. फुकट, कुठलंही सॉफ्टवेअर न टाकता. तिच्यात दोन आकडे शोधायचे: बनवली तेव्हाची क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता.

याची मूळ ४१ वॉट-तास. आज भरते ३५. म्हणजे ८५ टक्के शाबूत. दोन वर्षांच्या बॅटरीला याहून चांगले गुण कोण देणार?

"मग चालत काऊन नाही?"

भागाकार त्याला कागदावर करून दाखवला. मशीन २० वॉट खात असेल, तर ३५ भागिले २०, पावणेदोन तास. तेच ९ वॉट खाल्लं तर पावणेचार तासांच्या वर. बॅटरी तीच, टाकी तीच. आता खातं कोण ते बघू. पडद्याचा उजेड शंभरावर, ब्राउझरमध्ये एकोणचाळीस टॅब, तीन गेमचे लाँचर सुरू होतानाच उठून बसलेले, आणि डेस्कटॉपवर हलता धबधबा. धबधबा! उजेड चाळीसवर आणला, लाँचर सकाळी उठायचे बंद केले, बॅटरी सेव्हर लावला, धबधब्याच्या जागी त्याच्या आईचा फोटो लावला, तो त्यानंच निवडला. पोरगा निघताना म्हणाला, "किती झाले?" पन्नास घेतले. पोऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी गल्ल्यातले बावीसशे काढून रस्त्यावर फेकले.

दुपारी एक

शटर अर्धं खाली. रस्त्यावर कुत्रंही नाही. आम्ही डबा सोडला तेवढ्यात लाइट गेली, आणि आत बायकोचा यूपीएस कर्कश ओरडायला लागला. तिनं आधी फाइल सेव्ह केली, मग भाकरीला हात लावला. तिच्या अंगात ते मुरलेलं आहे, लाइट जायच्या आधीच बोट सेव्हवर जातं.

जेवताना पोऱ्यानं विचारलं, "दादा, घरी इन्व्हर्टरची बॅटरी तर बाबा म्हणतात फुल ठेवा, खाली गेली की खराब होते. तुम्ही लॅपटॉपचं उलटं सांगता."

हा मला दिवसभरात विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न. इन्व्हर्टर आणि यूपीएसमधली बॅटरी लेड-ॲसिडची. ती रिकामी पडली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि घट्ट होतं, म्हणून तिला भरलेलीच ठेवायची, डिस्टिल्ड वॉटर बघत राहायचं. त्याचे बाबा बरोबर आहेत. मग नव्वदच्या दशकातले सुरुवातीचे मोबाइल, कॅमेरे, कॉर्डलेस फोन आले. त्यांत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असायच्या. त्यांना अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरलं की त्या तेवढंच लक्षात ठेवायच्या, म्हणून पूर्ण संपवा आणि मगच लावा, पहिल्यांदा आठ तास लावून ठेवा, हे शास्त्र निघालं. तेव्हा तेही बरोबरच होतं. लिथियमची बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि तिला यातलं काहीच लागू नाही. तिला पूर्ण भरणंही नकोसं आणि पूर्ण संपणंही. वीस ते ऐंशीच्या मध्ये ती सुखी. मधूनच लावा, मधूनच काढा, तिला राग येत नाही.

पण घरात या तिन्ही बॅटऱ्यांचं शहाणपण एकाच पाटावर जेवायला बसतं. आजोबांचं लेड-ॲसिडचं, बाबांचं निकेलचं, आणि पोरगा लिथियम घेऊन येतो. वडीलधारे खोटं सांगत नसतात. ते दुसऱ्या बॅटरीबद्दल सांगत असतात.

"मग मी काय सांगू बाबाले?"

"काही नको सांगू. त्यांचं इन्व्हर्टर नीट चाललंय ना?"

साडेतीन

बार्शीटाकळीकडच्या एका गावातून ताई आल्या. बचत गटांचं काम बघतात, 'उमेद'च्या सीआरपी. उन्हातून एसटीनं आलेल्या. आधी माठातलं पाणी दिलं. त्यांनी जुना लॅपटॉप घेतलाय, विकणाऱ्यानं 'ऑफिस टाकून दिलंय' म्हणून सांगितलेलं. आता वर लाल पट्टी आली आहे, आणि फाइल उघडते पण लिहू देत नाही. गावातल्या कुणीतरी चारशे नव्व्याण्णव रुपयांत 'लाइफटाइम की' देतो म्हटलंय.

हे चारशे नव्व्याण्णवचं प्रकरण समजावून सांगायला मला नेहमी वेळ लागतो. बहुतेक वेळा ती किल्ली एखाद्या संस्थेला शेकडो संगणकांसाठी दिलेली असते. ती फुटकळ विकली जाते, आणि मूळ मालकानं किंवा कंपनीनं बंद केली की चारशे नव्व्याण्णवचा आजीव एका सकाळी संपतो. दुसरा मार्ग 'क्रॅक'चा. तो टाकताना पहिली सूचनाच असते की अँटिव्हायरस बंद करा. कुलूपवाल्यानं येऊन 'आधी घरच्यांना बाहेर पाठवा' म्हणावं तसं. ताईंच्या लॅपटॉपमध्ये अँटिव्हायरस बंदच होता, कधीपासून कुणास ठाऊक. आणि त्यात चौदा गटांतल्या बायकांची नावं, आधार, खाते क्रमांक.

मी साफसफाई केली आणि त्यांना पडद्यामागं पाठवलं. हा विषय बायकोचा. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुम्ही नेमकं करता काय त्याच्यात?"

तीन तक्ते. हजेरी, बचत, कर्जाची परतफेड. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी. महिन्याला बँकेत एक फाइल. इतकंच.

तिनं लिब्रेऑफिस टाकून दिलं. ताईंनी किंमत विचारली. काही नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे हेही चोरीचंच?" आपल्याकडं फुकट ते पौष्टिक म्हणतात खरं, पण गरिबाला फुकटचा अनुभव वाईट असतो, त्यानंतर कुणीतरी वसुलीला येतंच. तेव्हा बायकोनं त्यांना त्याचं घराणं सांगितलं. जर्मनीतल्या मार्को ब्यॉरिस नावाच्या पोरानं कोवळ्या वयात १९८५ साली कंपनी काढून स्टारऑफिस बनवायला घेतलं. १९९९ मध्ये सन कंपनीनं ते विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याचा कोड जगाला खुला केला, त्याचं ओपनऑफिस झालं. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. तेव्हा काम करणाऱ्या मंडळींना पुढचं भवितव्य दिसेना, म्हणून त्यांनी सवतं घर मांडलं. ते लिब्रेऑफिस. बर्लिनमधली एक संस्था ते चालवते, देणग्यांवर. "आपल्या गटासारखंच," बायको म्हणाली, "थोडं थोडं सगळ्यांचं." ताईंना ते पटकन कळलं. मला कळायला दोन वर्षं लागली होती.

तिथं बसून तिनं दोन गोष्टी करून दिल्या, त्या सगळ्यांनी कराव्यात. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये, लोड-सेव्हच्या भागात जाऊन फाइल आपोआप एक्सेलच्या साच्यात जतन होईल असं ठरवलं, नाहीतर बँकेतला माणूस 'तुमची फाइल उघडत नाही' म्हणून परत पाठवतो. आणि वरची मेनूची मांडणी टॅबवाली केली, म्हणजे एमएस-सीआयटीला शिकलेलं सगळं साधारण जागच्या जागी सापडतं. एका रकान्यात आकड्यांच्या जागी सगळे हॅश आले, ताई घाबरल्या. रकाना अरुंद होता. ओढून रुंद केला, एक लाख अठरा हजार दिसले.

मी लिब्रेऑफिसचा भक्त नाही. गेल्या महिन्यात एका पतसंस्थेचा हिशोबनीस आला होता. त्याच्या एक्सेलच्या फाइलमध्ये कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेले मॅक्रो, बटण दाबलं की व्याज निघतं. ती फाइल लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडली आणि अर्धी बटणं मुकी झाली. त्याला मी सरळ सांगितलं, पैसे भर. एकाच संगणकासाठी एकदाच घ्यायचं मिळतं, दरवर्षी वर्गणी भरायचंही मिळतं. संस्थेत चार जण वापरणार असतील तर वर्गणीचा हिशोब मांडून बघ. दोन दिवसांचं काम अडलं तरी तेवढा तोटा होतो. पण पत्र लिहिणारा, बायोडाटा करणारा, महिन्याला एक तक्ता भरणारा माणूस? त्याला ब्राउझरमधलं फुकटचं वर्ड-एक्सेल किंवा गुगलचं डॉक्स-शीट्स पुरतं, नेट असेल तर. विद्यार्थ्यांना मी आधी विचारतो, कॉलेजनं ईमेल दिलाय का? पुष्कळदा त्या ईमेलवरच फुकटचं ऑफिस मिळत असतं, आणि पोरं क्रॅक शोधत फिरत असतात.

सव्वापाच

ऊन कललं. कृषी विद्यापीठातली एक मुलगी प्रबंध घेऊन आली, उद्या जमा करायचाय. तिनं तो लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये लिहिला, मैत्रिणीच्या संगणकावर वर्डमध्ये उघडला, आणि इंग्रजी मजकूर जागच्या जागी पण मराठी सारांशाची भेळ. कंस, डॉलर, स्वल्पविराम, मध्येच एखादा मोठा इंग्रजी एम.

इंग्रजी जागेवर राहिलं याचं कारण सुंदर आहे. लिब्रेऑफिससोबत काही फाँट येतात, त्यांच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम मायक्रोसॉफ्टच्या फाँटांइतकीच ठेवलेली असते. टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सेरिफ, कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो. रूप थोडं वेगळं, माप तेच, म्हणून ओळ तिथंच तुटते आणि पान तिथंच संपतं. शिंप्यानं दुसऱ्याचं माप घेऊन तुमच्या अंगाला बसणारा सदरा शिवावा तसं.

मराठीचं दुखणं मात्र जुनं आहे आणि त्याला कुठलंच ऑफिस जबाबदार नाही. सारांश तिनं बाहेरून टाइप करून घेतला होता, युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. त्या फाँटांत पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठीचा मुखवटा. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. बायकोनं मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला, मग ओळ न् ओळ वाचली, कारण बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. 'सिंचन' चं 'सचिंन' झालं होतं. पाऊण तास गेला. माझ्या कामात एवढी चिकाटी लागत नाही, हे मी तिच्यासमोर कबूल करत नाही.

युनिकोडमध्ये आल्यावर मंगल लावला. हा फाँट र. कृ. जोशींनी घडवला, मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे, सुलेखनकार आणि कवीही. सरकारी पत्रांत रोज दिसतो म्हणून आपल्याला तो रटाळ वाटतो, पण संगणकाच्या जुन्या, भरड पडद्यावर देवनागरी वाचता यावी म्हणून त्या माणसानं काय खटाटोप केला असेल, ते अक्षरं मोठी करून पाहिलं की दिसतं. शेवटी पीडीएफ करून दिली. ती सोय ओपनऑफिसमध्ये २००३ पासूनच एका बटणावर होती, वर्डवाल्यांना पुष्कळ वाट पाहावी लागली. मुलीचं म्हणणं, आधी माहीत असतं तर परवाच पीडीएफ केली असती. बायकोनं नुसतं हूं केलं.

सात

गर्दी. चार्जरची वायर तुटलेली, कीबोर्डवर चहा, एकाचा पासवर्ड बायकोचं नाव आणि स्पेलिंग आठवेना. कृषी सेवा केंद्रवाले काका आले, दहा वर्षांचा लॅपटॉप, त्यात विंडोज १०. त्याला १४ ऑक्टोबर २०२५ पासून सुरक्षेचे मोफत अपडेट बंद झाले, हे त्यांच्या भाच्यानं सांगितलं आणि नवा घ्यायला सुचवलं. काका बिलं करतात आणि संध्याकाळी कीर्तन ऐकतात. म्हटलं, नवा घेऊ नका, एसएसडी टाकू, लिनक्स मिंट टाकू, ऑफिस त्यात आलेलंच असतं. परवा या. पण आधी तुमचा बिलाचा प्रिंटर त्यावर चालतो का ते बघू, मगच शब्द देतो.

पावणेनऊ

भंगारवाला दर आठवड्याला या वेळी येतो. बादलीकडं बघून विचारतो, "हे देता का किलोनं?" नाही देत. त्याच्याकडं गेलेली बॅटरी तो ठोकून उघडतो, हे मी पाहिलंय, आणि त्याच्या हातगाडीवर त्याचं लहान पोरगं बसलेलं असतं. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. प्रत्यक्षात आमच्यासारख्यानं साठवायच्या आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाची गाडी आली की द्यायच्या. या महिन्यात अकरा झाल्या. सात फुगलेल्या. मे महिना.

गल्ला मोजला. माझ्या बाजूला दोन बॅटऱ्या, एक कीबोर्ड, बाकी चिल्लर. बायकोच्या बाजूला माझ्या दुपटीच्या वर. तिनं काही म्हटलं नाही, पण वही माझ्याकडं सरकवताना जरा जास्तच हळू सरकवली.

साडेनऊ

गच्चीवर अंथरूण टाकत होतो. फोन. गुरुजी.

"भाऊ, ते बॅटरी खराब दिली तुम्ही मले."

पोटात गोळाच आला. "काय झालं गुरुजी? पुन्हा फुगली?"

"फुगली नाही. पण ऐंशीच्या वर चढूनच नाही राह्यली. चार वाजतापासून पाहून राह्यलो मी. ऐंशी म्हणजे ऐंशी. हट्टानं बसली."

सेटिंग करून दिलं होतं ते हेच. ज्यांचा लॅपटॉप सतत वायरवरच असतो त्यांच्यासाठी बहुतेक कंपन्या ही सोय देतात. लेनोव्होत तिला कन्झर्व्हेशन मोड म्हणतात, असूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, डेलमध्ये बायोसमध्येही सापडते. ऐंशीला थांबायचं, काठोकाठ भरायचं नाही. करून दिलं आणि समोरच्या दोघांच्या नादात सांगायचं विसरलो.

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ताण, उष्णता, पश्चिमेची खिडकी, वीस आणि ऐंशी. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं, वर्गातल्या पोराचं पाठांतर ऐकावं तसं.

"म्हणजे ऐंशीच टक्के वापराची."

"हो गुरुजी."

"मंग वीस टक्के पैसे वापस द्या."